दोन गेरांमधली रिकामी जागा

मी भित्री आहे, हे मी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. भीती वाटली की माझा आवाज चढतो, त्यामुळे लोक मला तापट समजतात. समजू देत. पण सत्तरच्या दशकात एका दुपारी कळंब्याच्या रस्त्यावर मला अशी भीती वाटली, की आवाज चढायचंही विसरला.

माझ्या वडिलांचं मंगळवार पेठेत सायकलचं दुकान होतं. आबांना मुलगा नव्हता, म्हणून पंक्चर काढण्यापासून वाकड्या चाकाचा आऊट काढून ते सरळ करण्यापर्यंत सगळं मी शिकले. लग्न झालं ते एका मास्तरांशी. कळंब्याच्या पुढं, गारगोटी रस्त्यावरच्या एका शाळेत ते गणित शिकवायचे आणि रोज सायकलनं जायचे. सायकलला रेसचं हँडल, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं. कॉलेजात असताना दोन शर्यतींत उतरले होते म्हणे. एकीत पाचवे आले आणि दुसरीत पोचलेच नाहीत. पण तोरा असा, की गल्लीतून जातानाही मान खाली, पाठ वर.

मग त्यांचा उजवा गुडघा धरला. चढाला पायडल मारताना डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टर म्हणाले, सायकल सोडा. सोडून जायचं कशानं, ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. आबांकडं भंगारात आलेल्या एका विलायती सायकलचं मागचं चाक पडून होतं. त्या चाकाच्या हबमध्येच, म्हणजे मधल्या तुंब्यात, तीन गेर होते: हलका, मधला आणि जड. हबमधून एक बारीक साखळी बाहेर येते, तिला तार जोडायची आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला हाताजवळ खटका बसवायचा. खटका ओढला की गेर हलका होतो. तेवढ्यावर गुडघा निभावला असता.

चाक मी तासाभरात बसवलं. घोळ घातला खटक्यानं. त्याची पट्टी साध्या सरळ हँडलच्या मापाची, आणि रेसचं हँडल जाड.

"हँडल बदलू या का?" मी विचारलं.

"हँडलला हात लावू नकोस. दुसरीकडं बसव कुठंतरी."

गुडघा गेला तरी चालेल, शिंगं शाबूत राहिली पाहिजेत. मी खटका मधल्या दांड्यावर, पुढच्या बाजूला बसवायचं ठरवलं. पंप अडकवायची जुनी पट्टी घेतली. ती दांड्यावर सैल होत होती, म्हणून खाली भर घालावी लागणार होती. आबा अशा जागी कातड्याचा तुकडा घालायचे. चपला करणाऱ्यांकडची कातरण ते डबा भरून ठेवायचे. माझ्या घरात कातडं नव्हतं, फाटक्या ट्यूबचं रबर होतं. तेच घातलं, पान्यानं पट्टी आवळली आणि सायकल उलटी करून तिन्ही गेर टाकून पाहिले. चाक सुरेख फिरलं. मला माझं फार कौतुक वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजाऱ्यांनी ह्यांना विचारलं, गेर कुणी बसवला. "आमच्या सासऱ्यांनी," हे म्हणाले. मी दारातच उभी होते. मास्तरांची बायको पाना फिरवते, हे सांगायची त्यांना लाज वाटायची, आणि मला त्याची सवय झाली होती.

दुपारचं आवरून मी आबांचा पाना परत द्यायला दुकानात गेले.

"बसला काय गेर?" आबांनी विचारलं.

"बसला की."

"खटका कशावर लावलास?"

"दांड्यावर. ट्यूबचं रबर घालून."

आबा हवा भरत होते, ते थांबले. "कातडं न्हाई घातलंस?"

"घरात न्हवतं."

"आन् तारंला तेल?"

तेल तर मी सढळ हातानं सोडलं होतं. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"तेल रबरात उतरणार," आबा म्हणाले. "रबर बुळबुळीत हुणार. खटका वडंल तशी पट्टी जरा जरा मागं सरकणार आन् तार ढिली पडणार. मधल्या आन् जड गेरच्या मधी एक रिकामी जागा असतीया, पोरी. तार ढिली पडली की गेर तिथं जाऊन बसतोय. मग पायडलला काय बी धरच न्हाई. मोकळंच फिरतंय."

उलट्या सायकलवर हातानं पायडल फिरवून ते मला दिसलंच नसतं. माणूस चढाला उभा राहून सगळं वजन पायडलवर टाकतो, तेव्हा ते कळतं. रेसच्या हँडलवर डोकं आधीच चाकाच्या पुढं गेलेलं. पाय सुटला की तोंड थेट डांबरावर, आणि मागून उसाच्या गाड्या.

आबांना दम लागायचा, त्यांना येणं शक्य नव्हतं. त्यांनी डब्यातलं कातडं माझ्या हातात कोंबलं आणि भाड्याची एक लेडीज सायकल पुढं केली. "जा," एवढंच म्हणाले. पाना मी कमरेला खोचला आणि निघाले.

हे पडायचे असतील तर सकाळीच पडले असणार, एवढं मला कळत होतं. तरी मी जीव खाऊन पायडल मारत होते. मन चिंती ते वैरी न चिंती. रस्त्यावर कुठं काळा डाग दिसला की मी पायडल थांबवून बघायची, तेल आहे की दुसरं काही. कळंब्याच्या तळ्याच्या अलीकडं माणसांचा घोळका दिसला आणि मी घंटी न वाजवताच त्यात सायकल घातली. उसाची गाडी कलंडली होती, बाकी काही नव्हतं. अंबाबाईची ओटी भरीन, असं मी मोठ्यानं म्हटलं. गाडीवान माझ्याकडं बघत राहिला. ह्यांच्यावर, त्या हँडलवर, माझ्या आळसावर मी आळीपाळीनं रागावून पाहिलं. रागानं माझी भीती एरवी दबते. त्या दिवशी दबली नाही.

शाळेच्या व्हरांड्यातून आत पाहिलं, तर हे फळ्यावर त्रिकोण काढत होते. अंगावर साधा ओरखडाही नव्हता. माझा जीव भांड्यात पडला.

हे बाहेर आले. "अगं, तू इथं? आबा बरे आहेत ना?"

"सायकल कुठाय?"

"शिपाईमामा टपाल टाकायला घेऊन गेलेत. का गं? सकाळी एकदा पाय सुटल्यासारखा वाटला मला, म्हणून मी आपला चढ चालतच आलो."

खरं सांगते, मला आनंद झाला. सायकलवर दुसऱ्या कुणाचा तरी नवरा होता. तो आनंद मला पुरता भोगताही आला नाही, कारण तेवढ्यात फाटकातून मामा सायकल ढकलत आत आले. पन्नाशीचा माणूस. तोंडावर टॉवेल दाबलेला, आणि टॉवेल लाल झालेला.

"मास्तर, माफी करा," मामा म्हणाले. "तुमचा विलायती गेर माझ्या हातनं मोडला. चढाला हुबा ऱ्हायलो आन् पायडल गेलंच की." टॉवेल बाजूला झाला. वरचे पुढचे दोन दात नव्हते. "सासऱ्यांस्नी काय सांगशिला आता?"

"असू द्या मामा, तुमची काही चूक नाही," हे म्हणाले. "यंत्रच ते."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "गेर मी बसवलाय."

मामा फुटक्या ओठानं हसले. "वैनी, मला बरं वाटावं म्हणून बोलताय व्हय? बायका कुठं गेर बसिवत्यात?"

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनी नुसतं "हो" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण दोन मास्तर दारात येऊन उभे होते. "उन्हातून आलीय," हे म्हणाले, "दमलीय ती."

सुंठीवाचून खोकला जात होता. घरी निघून गेले असते तर कुणी मला एका शब्दानं बोललं नसतं, आणि क्षणभर मला तेच हवं होतं.

मग मी पदर खोचला, सायकल उलटी केली आणि कमरेचा पाना काढला. पट्टी सोडवली. आतलं रबर तेलानं काळं, गिळगिळीत झालं होतं. ते काढून टाकलं, कातडं गुंडाळलं, पट्टी आवळली, तार ताणून घेतली. व्हरांड्यात पोरं जमली होती. हे खाली मान घालून उभे होते. मामा माझ्याशेजारी उकिडवे बसले, रबराचा तुकडा उचलून त्यांनी दोन बोटांत चोळून पाहिला, आणि मग माझ्या हातांकडं पाहिलं. आता ते हसत नव्हते.

"म्हंजी माझं दात तुम्ही पाडलं व्हय?"

"व्हय," मी म्हटलं.