आजोबा हाफ होते
नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातले माझे शेजारी ऐंशीच्या पुढचे आहेत. कुंपणापलीकडून ते मला नेहमी एकच गोष्ट सांगतात. "माझे आजोबा इंग्लंडमध्ये पगारावर फुटबॉल खेळले. हाफ होते." शंभरेक वर्षांपूर्वीची ही गोष्ट सांगून झाली की ते कौतुकासाठी थांबतात.

मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून पोट भरते, त्यामुळे मला सगळं कळतं. हाफ म्हणजे बिचाऱ्यांना अर्धीच मॅच खेळवत असणार, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. परवा कपडे वाळत घालताना मी त्यांची समजूतही घातली. "अर्धी का होईना, खेळले ना!"

ते लालबुंद झाले. फाटक उघडून आत आले आणि माझ्या टोपलीतले अकरा चिमटे त्यांनी बागेतल्या टेबलावर मांडले.

"हा गोलकीपर. हे दोघे मागे, हे पाच पुढे. आणि मधले हे तिघे हाफ! पुढच्यांना चेंडू द्यायचा, मागच्यांच्या मदतीला धावायचं. पूर्ण मॅच!"

"माफ करा, मला वाटलं..."

"तुम्ही आठवड्यातून किती दिवस कामाला जाता?"

"तीन."

"मग हाफ तुम्ही," ते म्हणाले.

दहा चिमटे त्यांनी टोपलीत टाकले. उजवीकडचा हाफ मात्र खिशात घालून घरी नेला. एरवी मी माझा साधा चिमटाही कुणाला नेऊ देत नाही. त्या दिवशी परत मागायची हिंमत झाली नाही.