प्याद्याची मात

माझा सख्खा धाकटा भाऊ आहे, म्हणून मी तोंड आवरू की काय? चिंतामण बारामतीच्या कोर्टात वकील. तिथं मुन्सफानं झापलं की मान खाली घालून "होय साहेब, होय साहेब" करायचा आणि तो सगळा राग जपून घरी आणायचा. चपला काढायच्या आधीच उंबऱ्यातून ओरड, "पट मांडा!"

बुद्धिबळ खेळलं की डोकं शांत होतं म्हणे. कपाळ शांत होतं! जिंकला तरच शांत व्हायचं. हरला, की आमटीत मीठ जास्त, दिव्याची काच काळी, आणि मी विधवा बहीण म्हणजे घरावर भार. एकदा हरला आणि यशोदेचं, म्हणजे त्याच्या बायकोचं, माहेरी जाणं रद्द केलं. सख्ख्या भावाच्या लग्नाला जायची होती बिचारी! तेव्हापासून घरात ठरूनच गेलं, याला जिंकू द्यायचं. समोर बसायची त्याची मुलगी विमल. पोरगी हुशार, मुद्दाम हरतेय हे कळू न देता हरायची. मग हा मिशीवरून हात फिरवत चहा मागायचा आणि मागाल त्याला हो म्हणायचा.

बारामतीत हे कुणाला ठाऊक नव्हतं? शेळगावचा महिपती बाजाराला वांगी घेऊन आला की आमच्या ओट्यावर बसायचा. "वकीलसायेब, तुमच्याम्होरं आमचं डोकं कुठं चालतंय?" म्हणत वजीर घालवायचा आणि फुकटात सल्ला घेऊन जायचा. चिंतूला वाटायचं, पंचक्रोशीत आपल्या तोडीचा कुणी नाही. ढ कुठला!

इंदापूरच्या केशवरावांनी तेच हेरलं. चाळिशी उलटलेला बिजवर, पोटावर उपरणं ठरत नव्हतं. ते घरी आले त्या दिवशी चिंतू अशिलांदेखत बोलणी खाऊन आला होता. केशवराव पटावर बसले, लागोपाठ हरले, "धन्य आहे बुवा तुमची!" म्हणाले, आणि विमलला मागणी घातली. आणि हा गाढव खुशीत म्हणाला, "दिली!" सोळा वर्षांची पोर. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेली, पुण्याला ट्रेनिंगला जाऊन मास्तरीण व्हायचं म्हणणारी. किळस आली मला त्याची.

यशोदा रडली, मी कडाकडा भांडले. "शब्द दिलाय, अक्का," एवढंच त्याचं. मुन्सफापुढं ज्याला शब्द फुटत नाही, त्याचा शब्द!

विमल मात्र रडली नाही. गुरुवारी संध्याकाळी केशवराव सुपारी फोडायला येणार होते. ती फुटली की लग्न पक्कं, मग मागं फिरता येत नाही. चिंतू कोर्टातून धुसफुसतच आला. विमलनं न सांगता पट मांडला. आतून यशोदा पुटपुटली, "हर गं बाई, आज तरी लवकर हर, पाहुणे येताहेत."

पोरीनं पहिला डाव घेतला. दुसराही घेतला. चिंतूचे कान लाल झाले. तिसऱ्यात तिनं त्याचा राजा कोपऱ्यात कोंडला, वजीर हाताशी असून त्याला हात लावला नाही, एक प्यादं पुढं सरकवलं आणि हळूच म्हणाली, "अण्णा, मात." प्याद्यानं मात! आमच्याकडं खेळणाऱ्याची याहून मोठी नाचक्की नाही. हा पटाकडं बघतच राहिला.

नेमके तेव्हाच केशवराव दारात. हसत हसत म्हणतात, "काय वकीलसाहेब, आज किती डाव मारलेत?"

"तुम्हांला काय करायच्यात नसत्या चौकशा?" चिंतू गरजला. "स्वतःचं उपरणं सांभाळता येत नाही आणि माझी सोळा वर्षांची पोर हवी? चालते व्हा!"

सुपारी न फुटताच परत इंदापूरला गेली. पुढं आठवडाभर चिंतूनं घर भाजून काढलं. आम्ही तिघींनी ते तोंडाला पदर लावून सोसलं. मग विमल पुन्हा पटावर बसली, वजीर उघडा टाकला आणि हरली. ह्याचा हात मिशीवर गेला. "अण्णा, पुण्याला जाऊ?" "जा की!"

आता चारचौघांत सांगत फिरतो, "केशवराव कसला माणूस आहे ते मी पहिल्या नजरेत ओळखलं होतं." आणि विमल सुट्टीला आली की तिला हिणवतो, "एवढी शिकतेस आणि बापापुढं एक डाव टिकत नाहीस?"

"नाही टिकत, अण्णा," म्हणते पोर, आणि पुण्यातल्या पुढच्या वर्षाला हो म्हणवून घेते.