एकटीच शिकले

मुलांनो, आजीनं शाळेतली नोकरी का सोडली, असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा मी विषय बदलला. पुढच्या आठवड्यात माझ्या खुब्याचं ऑपरेशन आहे. मग मलाच कुणीतरी धरून खुर्चीत बसवेल. त्याआधी लिहून टाकते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सासूबाईंची डावी बाजू लुळी पडली. कोल्हापुरातल्या दवाखान्यात मी सोबतीला राहिले. शाळेत इंग्रजी शिकवायचे, पण उन्हाळ्याची सुट्टी होती. जूनमध्ये हजर व्हायचं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांना खाटेवरून खुर्चीत घेताना मी म्हटलं, "माझ्या गळ्यात हात घाला." त्यांनी उजव्या हाताची अशी मिठी मारली की मला श्वास घेता येईना. ना खाट, ना खुर्ची, अशा आम्ही दोघी मध्येच अडकलो.

"अवो वैनी, गळा सोडवा आधी! दोघी बी खाली याल," दवाखान्यातली आया ओरडत आली. ती गडमुडशिंगी गावची.

"सोडलं तर पडेन की!" सासूबाई.

"न्हाय पडत आजी, मी हाय की. खुर्चीचा हात धरा."

तिनं खुर्ची त्यांच्या धड बाजूला घेतली. जुन्या लुगड्याचा पट्टा कमरेला बांधून माझ्या हातात दिला. "त्यांच्या गुडघ्याला तुमचा गुडघा लावा. आजी, वाका फुडं. नाक पायाच्या बोटांवर आलं की बूड आपसूक उचलतंय."

आठवड्याभरात माझा हात बसला. मग सासूबाईंना दुसरं कुणी चालेना. नणंद पुढे झाली तर म्हणाल्या, "तू पाडशील. हिलाच बोलाव." नणंद निवांत मोसंबी सोलत बसली. अंघोळीला गेले तरी दारावर थाप पडायची.

घरी सोडलं त्या दिवशी आया म्हणाली, "वैनी, एक चूक केलीसा. एकटीच शिकलासा."

घरी मी तुमच्या आजोबांना शिकवायला घेतलं. त्यांनी पट्टा धरताच सासूबाई रडू लागल्या, "मुलानं आईच्या कमरेला हात घालायचा?" आजोबांनी पट्टा माझ्याकडे दिला. "तुला चांगलं जमतंय," म्हणाले, आणि ऑफिसला गेले.

जूनमध्ये शाळा उघडली. मी राजीनामा पाठवला. सासूबाई आणखी सहा वर्षं होत्या.

वर्गात कसं शिकवायचे, ते आता फारसं आठवत नाही. माणसाला खाटेवरून खुर्चीत बसवणं अजून येतं.