काचेची दुसरी बरणी

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी सतरा वर्षं नमुने तपासत आले आहे. आम्ल कशाला खातं आणि कशाला खात नाही, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्यामुळे पुढे जे घडलं त्याला अज्ञान म्हणायची सोय मला नाही.

कोंबुचा, म्हणजे आंबवलेला चहा, माझ्याकडे आला तो प्रयोगशाळेतल्याच एका बाईंकडून. माझी पित्ताची गोळी रोजची झाली होती, म्हणून त्यांनी डब्यात घालून एक जाड, बुळबुळीत चकती दिली. साखर घातलेल्या कोऱ्या चहात ही चकती सोडायची, वर सुती फडकं बांधायचं आणि आठ-दहा दिवस हात लावायचा नाही. चहा आंबतो, आणि चकतीवर दुसरी साय धरते.

भांड्याच्या बाबतीत मी काटेकोर होते. पालघरच्या बाजारातून आधी तोटीची काचेची बरणी आणली. आठव्या दिवशी तोटीतून पहिला घोट काढला तेव्हा तोंडात पितळेची चव आली. तोटी उघडून पाहिली तर आतून हिरवी पडलेली. ती बरणी बाद केली. घरातली लोणच्याची चिनीमातीची बरणी उजेडात धरून पाहिली; आतल्या झिलईला केसासारखे तडे होते, म्हणून तीही नको. शेवटी स्टेशनजवळच्या एका चहावाल्याने बिस्किटांसाठी प्लास्टिकचे डबे घेतले, तेव्हा त्याच्या जुन्या, रुंद तोंडाच्या काचेच्या दोन बरण्या मी उचलल्या. एकीत आंबायला ठेवायचं, दुसरीतलं प्यायचं. कागदी पट्टी बुडवून मी आम्लता बघायची आणि वहीत लिहायची.

सरावलीत आमच्या खोल्या एका ओळीत आहेत, पुढे सामाईक ओटा. मी एकटीच राहते. शेजारच्या खोलीत एक तरुण बाई आणि तिचा नवरा. ती एडवणची, बागायतदारांच्या घरातली. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून सहा वर्षं माहेर तुटलेलं. नवरा कारखान्यात भट्टीवर मदतनीस, ती पॅकिंगला. जेवणाच्या वेळा कधीच धड नाहीत, त्यामुळे पोट तिचंही बिघडलेलं. मी दिलेला पेला तिने एका दमात संपवला आणि हसली.

"उतरलेल्या ताडीसारखा लागतंय, ताई. पोटाला बरा वाटतंय पण."

महिनाभर ती माझ्याकडेच प्यायली. मग एका रविवारी म्हणाली, "मला पन थोडी साय द्या ना. आनि तुमची एक बरणी. मी दुसरी मिळाली का लगेच परत करीन."

साय दिली. बरणी दिली नाही. माझा क्रम मोडला असता, एवढंच कारण होतं. मी म्हटलं, "कशातही होतं गं. फक्त धातूचं नको."

"बरं," ती म्हणाली.

तिने माझं ऐकलं. धातूचं घेतलं नाही. नवऱ्याने कारखान्यातून आणलेला पांढरा प्लास्टिकचा कॅन घेतला. असे रिकामे कॅन आणि निळे ड्रम आमच्याकडे घरोघरी आहेत. लोक त्यांत पाणी भरतात, तांदूळ ठेवतात. तो कॅन मी तिच्या मोरीशेजारी पाहिलाही होता, पण त्यात पाणी असेल असं धरून चालले.

तीन आठवड्यांनी ती पेला घेऊन माझ्या दारात आली. "बघा तरी, तुमच्यापेक्षा चांगला झालाय."

मी पेला नाकाशी नेला. आंबट वासाच्या खाली दुसरा एक गोडसर वास होता. तो मी रोज कामावर घ्यायचे. मला वाटलं, माझ्या हातांनाच येत असेल. खरं तर क्षणभर वाटलं की विचारावं, कशात केलंस? पण विचारलं असतं तर बरणीची गोष्ट पुन्हा निघाली असती. "नंतर पिते," म्हणाले, आणि ती गेल्यावर पेला मोरीत ओतला.

पुढच्या पंधरवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या. आधी तिलाही आणि मलाही वाटलं, दिवस गेले असतील. मग एका सकाळी ती ओट्यावर भिंतीला धरून उभी होती. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. "कालपासून लघवीच नाय झाली, ताई." नवरा पाळीवर होता. मी रिक्षा केली. बोईसरच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि पालघरला न्यायला सांगितलं. तिथे मूत्रपिंडं बंद पडल्याचं कळलं.

"काही औषध, जडीबुटी, काही वेगळं पोटात गेलंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

तोवर तिचा नवरा कामाच्या कपड्यांतच धावत आला होता. मी त्याला विचारलं, "ती ते चहाचं कशात करते?"

त्याने सांगितलं, आणि सांगता सांगताच त्याला कळलं. "मी तीनदा धुतला होता, ताई. साबन लावून धुतला. सगळेच वापरतात ना?"

तो घरी जाऊन कॅन घेऊन आला. खरवडलेल्या लेबलाची चार अक्षरं शिल्लक होती. मला तेवढी पुरली; तो गोडसर वास याच द्रवाचा होता. असले द्रव प्लास्टिकमध्ये मुरून बसतात. पाण्याने सुटत नाहीत, पण आठ-दहा दिवस आंबट चहा त्यात मुरत ठेवला तर सुटू शकतात. डॉक्टर म्हणाले, शक्यता आहे, पण हेच कारण असं मी लिहून देऊ शकत नाही. कुणीच लिहून दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी एडवणहून तिची आई आली. नवऱ्यानेच निरोप धाडला होता. म्हातारी नव्हती, पण आल्यापासून तशीच दिसू लागली. जावयाशी बोलली नाही. वॉर्डाबाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "माज्या घरात पाच बरन्या हायत. एक मागितली असती तर दिली असती का मी, म्हाईत नाय. पन तिनं मागितलीच नाय."

मी म्हटलं, "माझ्याकडे मागितली होती. माझ्याकडे दोन होत्या."

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती पदराने हात पुसत राहिली, मग उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

घरी आल्यावर मी माझं सगळं ओतून दिलं आणि ओळीतल्या प्रत्येक दारात जाऊन ड्रम टाकायला सांगितलं. एका घराने टाकला. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. "पानी कशात भरू मग?" एकीने विचारलं. नळ दोन दिवसांनी येतो.

तिची मूत्रपिंडं पुन्हा चालू झाली नाहीत. आई तिला एडवणला घेऊन गेली. तिथून आठवड्यात दोनदा पालघरला यायचं, चार तास यंत्राला जोडून पडायचं. नवरा सरावलीतच आहे. सुट्टीच्या दिवशी तिच्या माहेरच्या वाडीच्या फाटकापर्यंत जातो आणि तिला बाहेर बोलावतो.

मी सुट्टी असली की पालघरला जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा मी तिला सगळं सांगितलं: बरणीचं, वासाचं, मोरीत ओतलेल्या पेल्याचं. पेल्याचं ऐकून तिने डोळे मिटले.

"तुमाला वास आलेला?"

"हो."

मग ती म्हणाली, "तुमी येत जा. पन त्याच्यावर परत बोलू नका."

आम्ही बोलत नाही. तिला दिवसाला मोजकंच पाणी चालतं, त्यामुळे तहान जात नाही. परवा ती म्हणाली, "ताई, बर्फ मिळल का कुठं?" मी नर्सला विचारून कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून रुमालात चार खडे बांधून आणले. नर्सने एकच द्यायला सांगितला. तिने तो जिभेवर ठेवला, ओठ मिटले आणि मला हाताने खूण केली, की आता बोलायला लावू नका.