सर ओरडायचे थांबले तेव्हा

माझी ताई हिशेबशास्त्रात पीएचडी करते. लोकांना वाटतं चार पुस्तकं वाचली, पेपर दिले, झाली डॉक्टर. डोंबल! वर्गातले विषय तिने कधीच संपवले. खरी सालटी काढतात ती त्याच्यानंतर. सगळ्या विषयांची मिळून एक मोठी परीक्षा, वर पोरांना शिकवायचं, मग प्रबंधाचा आराखडा समितीसमोर मांडायचा. तो नापास झाला की ताई घरी. मी शाळा सोडून गॅरेजात लागलो, पण हे मला पाठ आहे. ती घरी माझंच डोकं खाते ना.

तिथली एक रीत आहे. कुणीही काही मांडायला उभं राहिलं की त्याला धड बोलूच द्यायचं नाही. पहिलं वाक्य संपायच्या आत, "थांबा, कशावरून?" पहिल्या वेळी ताई रडली होती. तिचे मार्गदर्शक सर म्हणाले, "अगं वेडे, भांडतात म्हणजे तुला मोजतात. गप्प बसले की समज, संपलीस."

सर स्वतः फोनवर इतके ओरडायचे की मला स्वयंपाकघरात ऐकू यायचं. मग ताईने कंपन्यांचे जुने ताळेबंद पुन्हा तपासले. सरांचं ज्या शोधनिबंधामुळे नाव झालं, तोच चुकीचा निघाला. आणि ही शहाणी ती चूक आधी त्यांनाच दाखवून आली. तेव्हापासून सर एकदम गोड. "जेवलीस का बाळ? छान चाललंय."

"बघ, खूश आहेत," ताई म्हणाली.

"खूश कसले! आमचा मालक कुणाला काढायच्या आधी असाच चहा पाजतो."

"गप रे. तुझं गॅरेज नको आणू मध्ये."

आराखड्याच्या दिवशी मी मागच्या खुर्चीवर बसलो. बसता येतं कुणालाही. ताईने पहिलं वाक्य संपवलं. कोणी थांबवलं नाही. दुसरं पान. तिसरं. समितीतले सगळे मान खाली घालून. फक्त पंखा कुरकुरत होता. सर हसऱ्या चेहऱ्याने पेनाचं टोपण लावत-काढत होते. ताईचा आवाज बारीक होत गेला.

मध्येच ती थांबली. पाणी प्यायली. म्हणाली, "तुम्ही विचारत नाही, तर मीच विचारते. हे आकडे सरांच्या निबंधाशी जुळत नाहीत. का?"

टोपण थांबलं. समितीत बाहेरून आलेल्या एक बाई होत्या. त्यांनी मान वर केली. "थांबा. कशावरून?"

मग जुंपली. ताई फळ्यापाशी, हात खडूने पांढरे, आवाज चढलेला. मी खुर्चीत बसलेलो नव्हतोच, उभा होतो.

शेवटी सह्या झाल्या. सगळ्यांच्या, सरांची सोडून. त्यांच्या सहीशिवाय काही पुढे सरकत नाही. ते म्हणाले, "सावकाश वाचतो. घाई काय आहे?"

दारात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ ना तू? छान. ताईला जप हं."

ओरडले असते तर बरं झालं असतं.