वीतभर गुंजाइश

भुजंगकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी लातुरातल्या एका नव्या हॉस्टेलच्या पाचव्या मजल्यावर उभा होतो. फोन काकूंचा होता. "इंजिनिअर, काका गेले तुमचे," एवढंच म्हणाल्या. समोर स्लॅबच्या सळ्या बांधणं चालू होतं... ते उरकेपर्यंत मी थांबलो, आणि मग निघालो. महिना उलटून गेला, तरी त्या थांबण्याची लाज वाटते.

काका नगरपालिकेत आरेखक होते. बांधकामाचा कुठलाही नकाशा मंजुरीला आला की आधी त्यांच्या टेबलावर यायचा. भूकंपानंतरच्या वर्षात मी माझा पहिलावहिला नकाशा घेऊन गेलो. मालकाने प्लॉटचा इंच न् इंच बांधायला सांगितलेला. मी आवाज खाली आणून विचारलं, "सर, काही गुंजाइश?" आमच्याकडे कचेरीत या शब्दाचा अर्थ एकच, नियम जरा वाकतो का. काकांचा चेहरा उजळला. "तेच तर इचारायलोय मी! कुठंय गुंजाइश?" त्यांनी लाकडी पट्टी नकाशातल्या भिंतीवर ठेवली, मग हद्दीच्या रेषेवर. दोन्ही रेषा एकच होत्या. "भिंत पडली तर माणसानं पळायचं कुठं? वारं कुठून येणार, नळातून?" अख्खं ऑफिस हसलं. तो नकाशा मी चार वेळा काढला. पाचव्यांदा काढायची वेळ आली तेव्हा ते स्वतः शेजारी बसले आणि भिंतीपासून हद्दीपर्यंत सोडायची जागा, म्हणजे सामासिक अंतर, कसं आखायचं ते त्यांनी मला शिकवलं.

भिंत पडण्याची गोष्ट ते उगाच काढत नसत. त्यांचे मामा-मामी भूकंपात गेले. दोघं घराबाहेर निघाले होते. पण बाहेर म्हणजे काय, तर दोन दगडी भिंतींमधला बोळ. "घरातून वाचले अन् बोळात गेले," काका सांगायचे. मग पुनर्वसनाची गावं आखायला त्यांना पाठवलं, तेव्हा मीही हौसेने सोबत गेलो. ते घरं आधी आखत नसत. आधी घरांमधली मोकळी जागा चुन्याच्या फक्कीने आखायचे, म्हाताऱ्याकोताऱ्यांना तिथे उभं करायचे आणि विचारायचे, "जनावर कुठं बांधसाल? हितं ऊन कवा येतंय?" घर त्यानंतर. अशी आखणी करणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

त्यांच्या स्वतःच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. लातुरातलं ते घर वडिलांनी बांधलेलं, हद्दीपासून वीतभर आत. त्यांच्या खोलीच्या एकुलत्या एक खिडकीला वारा यायचा तो शेजारच्या मोकळ्या प्लॉटवरच्या लिंबाचा. "माझ्या बापानं गुंजाइश ठिवली न्हाई," काका हसून म्हणायचे, "शेजाऱ्याच्या गुंजाइशीवर जगायलोय."

मग क्लासेस आले. मुखेड, उदगीर, कुठूनकुठून पोरं येऊ लागली आणि गावात घर बांधणं बंद होऊन हॉस्टेल बांधणं सुरू झालं. एका हॉलच्या प्लायवूड ठोकून सहा खोल्या, खिडकी एकीला. काका रिटायर झाले होते, दम्याने बेजार होते. शेजारचा प्लॉट विकला गेला आणि घेणारा माझ्याकडे आला. नकाशा मी काढला. कागदावर दुमजली बंगला, चारी बाजूंनी सामासिक अंतर, अगदी काकांनी शिकवलं होतं तसं. जागेवर काय होणार ते मला ठाऊक होतं. मी नसता काढला तर दुसऱ्याने काढला असता, हे मी स्वतःला आजही सांगतो. त्याने काहीही हलकं होत नाही.

लिंब तोडला. भिंत हद्दीवर चढली, पाच मजले. काकांनी तक्रार केली. उत्तर आलं की मंजूर नकाशात पुरेसं अंतर सोडलेलं आहे. नकाशाची नक्कल घेऊन ते माझ्याकडे आले. मला वाटलं, आता शिव्या घालतील. त्यांनी पट्टी काढून सगळी अंतरं मोजली, सही पाहिली, धाप आवरली. "एक चूक न्हाई रे," म्हणाले. "लई चांगला शिकलास..." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

परवा काकूंना भेटायला गेलो. भरदुपारी खोलीत ट्यूबलाइट लावलेली. "कोंदट हाय, खिडकी ढकला जरा," त्या म्हणाल्या. मी ढकलली. वीतभर उघडली आणि खट्कन भिंतीला आपटली. माझ्या त्या भिंतीच्या प्लास्टरवर, झडपेचा कोपरा लागतो तिथे, बोट बुडेल एवढा खड्डा पडला होता. एक-दोन दिवसांत पडेल असा नव्हता तो.

"रोज सकाळी उठले की ढकलायचे," काकू म्हणाल्या. "मी म्हणायची, कशाला ओ, भिंत हाय तिथं. तर म्हणायचे, बघू दे की, गुंजाइश झाली का."

माझ्या टेबलावर या आठवड्यात आणखी दोन नकाशे आहेत, कागदावर दोन्ही बंगल्यांचे. मी ते काढणार आहे.

खिडकी मी पुन्हा लावून घेतली.