धन्याला बोलतं कर

आमच्या घरात प्रार्थना बायकोची आणि आमेन माझं, अशी वाटणी होती. कुणी ठरवली नव्हती. लग्न करून घरी आणली त्या संध्याकाळी ती चटईवर बसली, पदर डोक्यावर घेतला, डोळे मिटले आणि देवाशी बोलायला लागली. मी शेवटी आमेन म्हणालो. तेच पुढं चालू राहिलं, ती गेल्या उन्हाळ्यात जाईपर्यंत.

मी चौथी शिकलेला. ट्रॅक्टरवर कारखान्याच्या उसाच्या ट्रॉल्या ओढण्यात जन्म गेला. कडेगावकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं थोडी. जत्रा आली की आमचं पोरगं तमाशाच्या तंबूकडं पळायचं, गणपतीत ढोल बडवायचं. बायको त्याला कोंडून ठेवत नव्हती. दिवेलागणीला मात्र चटईवर बसवायची म्हणजे बसवायचीच. मिटलेले डोळे त्यानं उघडले की मी टपली द्यायचो. पोराला देवाच्या वाटेला लावायचं माझं काम तेवढंच. टपली आणि आमेन. आमेन मात्र असं दणक्यात, की शेजारची म्हातारी भिंतीपलीकडनं म्हणायची, "झाली व्हय रं तुमची प्रार्थना? दूध ठेवती मग चुलीवर."

बायको काय मागते ते मी ऐकत नव्हतो. डोळे मिटून टायरचा, डिझेलचा विचार करायचो. शेवटचं तेवढं कानावर यायचं, कारण ते आलं की आमेनची तयारी करावी लागायची. रोज तेच असायचं, "प्रभू, धन्याला बोलतं कर. पोरगं त्येच्या तोंडाकडं बगतंय."

मी धरून चाललो होतो, धनी म्हणजे देव. चर्चमध्ये पाळक धन्याची आणि चाकराची गोष्ट सांगायचे, त्यातला धनी देवच असायचा. म्हटलं, देवानं बोलावं म्हणून मागत असेल. चांगलंच मागतीया. आमेन.

ती गेली. माती दिल्यावर पाळक माझा हात धरून म्हणाले, "घरची प्रार्थना बंद पडू देऊ नका." मी म्हणालो, "मी कशाला पाडीन? पोरगंच देवाला सोडून जगाचं झालंय." सगळ्यांसमोर म्हणालो. पोरगा शेजारीच उभा होता, आईच्या मातीनं हात भरलेले.

घरात एकट्यानं भाकरी गिळेना. तिचा पितळी तांब्या तेवढा घेतला आणि पोराकडं शिरवळला राहायला आलो. तो तिथं कंपनीत आहे. रविवारी ड्युटी लागली की चर्च बुडतं. सून सांगलीची, गुणाची आहे, पण संध्याकाळी मालिका लागली की हलत नाही. नात कॉलेजात, तिचं तोंड मोबाईलात. मी आठवडाभर बघितलं. मग एका रविवारी पोरगा ड्युटीवरून आला, बूट काढत होता, तेवढ्यात उठलो आणि टीव्हीचं बटण बंद केलं.

"ह्या घरात देवाचं नाव घेणारं कोन हाय का न्हाई? तुज्या आईनं हेच शिकवलं व्हय?"

पोरगा बूट हातात धरून तसाच माझ्याकडं बघत राहिला. "आईनं शिकवलं की. तुमी काय शिकवलं, आबा?"

"अहो, गप बसा," सून म्हणाली.

"न्हाई, मला बोलू दे. आबा, तुमीच घ्या प्रार्थना. आमी बसतो."

आणि खरंच बसले. नातीनं मोबाईल पालथा ठेवला, ओढणी डोक्यावर घेतली. सून बसली. पोरगा भिंतीला टेकला. तिघांनी डोळे मिटले आणि मला घाम फुटला. "हे प्रभू," म्हणालो. पुढं काही येईना. एवढी वर्षं रोज चटईवर बसून मला एक वाक्य येत नव्हतं. शेवटी तिचंच सापडलं, तेच म्हणून टाकलं.

"प्रभू, धन्याला बोलतं कर. पोरगं त्येच्या तोंडाकडं बगतंय."

कुणीच आमेन म्हणेना. नातीनं हळूच विचारलं, "मम्मी, धनी म्हणजे कोण?"

सून माझ्याकडं बघेना. खालच्या आवाजात म्हणाली, "आजोबा गं. आजी बायकांत नेहमी म्हणायच्या ना, आमचे धनी बाहेर गेलेत, आमचे धनी जेवायचेत."

ती बाहेर मला धनी म्हणायची हे मला माहीत होतं. पण डोळे मिटले की शब्द चर्चचे होतात, असं माझं डोकं.

"तुमास्नी ठावं नव्हतं?" पोरगा म्हणाला. आता त्याचा आवाज उतरला होता. "आई तुमच्यासाठी मागायची, आबा. मला वाटायचं, आज तुमी बोलशीला. म्हणून तर डोळं किलकिलं करून बघायचो तुमच्याकडं. अन् तुमी टपली द्यायचा."

ती मागत होती, पोरगं वाट बघत होतं, आणि मी वरनं आमेन ठोकत होतो. जत्रेला, ढोलाला, कंपनीला, मोबाईलला नावं ठेवली. घरातलं एक तोंड बंद होतं, ते माझं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. पण शिरवळला मी जाणार कुठं? आणि तिघंही अजून बसलेलेच होते.

डोळे मिटले. म्हणालो, "प्रभू, मला येत न्हाई. तिला येत हुतं. ती मागत हुती अन् मी ऐकलं न्हाई. ह्या पोराला मी उगाच मारलं."

पुढं काही सुचलं नाही. नात आमेन म्हणाली. तिच्यामागून सून. पोरगा बऱ्याच वेळानं म्हणाला, आणि बूट ठेवायला उठला.

आता संध्याकाळी नात हाक मारते, "आजोबा, बसायचं का?" टीव्ही कधी बंद असतो, कधी नुसता आवाज कमी केलेला. मी दोन-तीन वाक्यं बोलतो, अडखळतो. पोरगा ड्युटीवर नसेल तर येऊन बसतो. डोळे उघडेच ठेवतो. मी त्याला काही म्हणत नाही.

गावी तिच्या कबरीवर जायचं राहिलंय. पोरगा म्हणतो, सुट्टी काढतो, जाऊ. मीच पुढं ढकलतोय. तिच्यासमोर काय तोंडानं उभा राहू?